न साठणारा माल : देशी नैसर्गिक वायूचे शुद्धीकरण, साठवण व वीजनिर्मिती

व्यापाराचे मूळ साठ्यात आहे. सुगीच्या दिवसांत घेतलेले धान्य वखारीत ठेवावे आणि टंचाईच्या दिवसांत ते बाजारात आणावे, या एका कृतीवर आपल्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. आवक थांबली तरी जावक चालू ठेवता येणे, हीच वखारीची खरी किंमत होय. तूर, कापूस, गूळ, लोखंड, कोळसा या साऱ्यांना हा नियम सारखाच लागू पडतो. परंतु अलीकडच्या काळात आपल्या गिरण्यांत, शीतगृहांत, भटारखान्यांत आणि घरच्या चुलीपाशी असा एक माल येऊन पोहोचला आहे, की ज्याला हा नियम सहजी लावता येत नाही. तो माल म्हणजे नैसर्गिक वायू. त्याला रंग नाही, मूळचा वास नाही, पोते नाही, पिंप नाही. आणि सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यातील वखार तर जवळजवळ नाहीच.

हा माल विहिरीतून निघून विजेच्या तारेपर्यंत कसा पोहोचतो, वाटेत त्यावर कोणते संस्कार होतात, तो कोठे व किती साठविता येतो, आणि त्यावर भांडवल गुंतविणाऱ्याने कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यानगरात बसून हा विषय हाती घेण्यास कारणही तसेच आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारच्या या वस्तीपासून थोड्याच अंतरावर, उप्पल रस्त्यावर, १९६१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था भूगर्भातील संपत्तीचा अभ्यास करीत आली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकास रामचंद्रपुरम येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात वायूवर चालणारी टर्बाइने घडविली गेली आहेत. आणि २०१२-१३ या काळात अपुरा पाऊस व वायूची तूट या दोहोंमुळे उद्योगांना आठवड्यातून काही दिवस वीज बंद ठेवण्याची पाळी आली, ती याच हैदराबादेतील कारखानदार व व्यापारी बंधूंवर. तेव्हा हा विषय आपल्या खातेवहीशी जोडलेला आहे, हे निराळे सांगावयास नको.

मालाची ओळख

नैसर्गिक वायू हा मुख्यत्वे मिथेन होय. त्याच्या सोबत इथेन, प्रोपेन, ब्यूटेन हे त्याचे भाऊबंद कमीअधिक प्रमाणात असतात. घरच्या सिलिंडरात जो वायू येतो तो प्रोपेन व ब्यूटेन यांचा असतो. नळाने जो येतो तो मिथेन. या दोहोंतील एक भेद वाचकांनी आरंभीच ध्यानी घ्यावा. प्रोपेन व ब्यूटेन साध्या हवेतही बेताच्या दाबाखाली द्रवरूप होतात, म्हणून ते लोखंडी सिलिंडरात भरून गावोगाव नेता येतात. मिथेन मात्र साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. साध्या वातावरणाच्या दाबाखाली त्याला द्रवरूप द्यावयाचे तर शून्याखाली सुमारे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. वायूच्या साठवणुकीची सारी अडचण या एका गुणधर्मातून उत्पन्न झाली आहे.

दुसरा भेद सुरक्षिततेचा आहे. मिथेन हवेहून हलका, म्हणून गळती झाल्यास वर जातो. सिलिंडरातील वायू हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचतो. पहिल्यासाठी छताजवळ झरोका हवा, दुसऱ्यासाठी जमिनीलगत. दोन्ही वायू मूळचे वासरहित असल्याने गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते.

मापाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. एक घनमीटर वायूत साधारणतः ९ हजार किलोकॅलरी उष्णता धरावी. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरातील उष्णता या हिशेबाने सुमारे १७ घनमीटर वायूइतकी भरते. मोठे सौदे मात्र घनमीटरावर होत नाहीत, उष्णतेवर होतात. त्याचे एकक दहा लक्ष ब्रिटिश थर्मल युनिट, म्हणजे सुमारे २ लक्ष ५२ हजार किलोकॅलरी. वजनाऐवजी कसावर भाव ठरविण्याची ही रीत सोन्याच्या व्यवहारासारखीच आहे.

पाखडणे व निवडणे

शेतातून आलेली तूर जशी तशीच गिरणीत घालीत नाहीत, तसा विहिरीतून आलेला वायूही तसाच वाहिनीत सोडीत नाहीत. त्यात पाण्याची वाफ असते, हलक्या तेलाचे थेंब असतात, वाळूचे कण असतात. कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन असतात. आणि काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही असतो.

प्रथम मोठ्या उभ्या किंवा आडव्या पात्रांत वायूचा वेग कमी करून पाणी, तेल व वाळू खाली बसू देतात. त्यानंतर अमाइन नावाच्या द्रावणाच्या धारेतून वायू वर चढविला जातो. हे द्रावण हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. ते तापविले की शोषलेले वायू सुटतात आणि तेच द्रावण पुन्हा कामास येते. मुंबईच्या समुद्रातील दक्षिण वसई क्षेत्राचा असा गंधकयुक्त वायू गुजरातेत हजिरा येथे स्वच्छ केला जातो आणि काढलेल्या घाणीतून गंधक हा विक्रीचा माल निघतो. त्यानंतर ग्लायकॉलच्या साह्याने उरलेला ओलावा काढतात. ओलावा राहिला तर जास्त दाबाखाली पाणी व मिथेन मिळून बर्फासारखे खडे बनतात व वाहिनी तुंबते. शिवाय पोलाद आतून गंजते. शेवटी वायू थंड करून प्रोपेन, ब्यूटेन व इथेन वेगळे काढतात. रायगड जिल्ह्यातील उरणच्या प्रकल्पातून स्वयंपाकाचा वायू बाहेर पडू लागला आणि तेथील इथेन-प्रोपेनावर नागोठण्याचा रसायन कारखाना उभा राहिला, तो याच कृतीमुळे. चांगला दुकानदार चुणीभुसाही विकतो. येथे तर चुणीचाच भाव कित्येकदा मुख्य मालाहून चढा असतो.

हे संस्कार नीट न झाल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण गोदावरीच्या मुखाजवळ घडले आहे. ताटिपाकाहून कोंडापल्लीच्या वीजकेंद्राकडे वायू नेणारी वाहिनी २७ जून २०१४ रोजी पहाटे नगरम या गावी फुटली व पेटली. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, नारळीच्या बागा व घरे जळाली. कोरड्या वायूसाठी आखलेल्या वाहिनीतून पाणी व तेलकट अंश असलेला ओला वायू जात होता आणि त्याने पोलाद गंजून गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. निवडणुकीचा खर्च वाचविणे म्हणजे पुढे किती मोठे देणे अंगावर घेणे असते, हे यावरून दिसेल.

वखारीचा प्रश्न

आता मुख्य अडचणीकडे वळू. समजा, आपल्या एखाद्या बंधूने शीतगृहासाठी व गिरणीसाठी एक मेगावॉटचे वायुइंजिन बसविले आणि एक दिवसाचा साठा हाताशी असावा असे त्याच्या मनात आले. इंजिन उष्णतेतील ४० टक्के अंशाची वीज करते असे धरल्यास चोवीस तासांना सुमारे ५ हजार ७०० घनमीटर वायू लागेल. साध्या दाबाखाली हा वायू ठेवावयाचा तर दहा फूट उंचीची आणि जवळजवळ अर्धा एकर क्षेत्राची हवाबंद खोली हवी! तोच वायू २०० पट दाबाने, म्हणजे वाहनांच्या टाकीत भरतात तसा भरला, तर ६० लिटरची सुमारे ३८० नळकांडी लागतील. द्रवरूप केला तर त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटून दहा घनमीटरांच्या आत मावेल. पण त्यासाठी दुहेरी भिंतीची, अतिशीत टाकी हवी, आणि कितीही बंदोबस्त केला तरी त्यातील थोडा अंश रोज उकळून वाफ होत राहतो. तुलनेसाठी पाहावे : तेवढ्याच विजेला डिझेल सुमारे ६ हजार लिटर, म्हणजे तीस पिंपे पुरतात, आणि ती साध्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहतात.

कोळशाची गोष्ट याहूनही सोपी. हुसेनसागराच्या काठी निजामी राजवटीत १९२० मध्ये उभारलेले वीजकेंद्र आज राहिलेले नाही. पण ते चालू होते तेव्हा त्याचा कोळसा आवारात उघड्यावर पडून राहू शकत होता. आजही कोळशावरची केंद्रे पंधरा-वीस दिवसांचा ढीग बाळगू शकतात. रेल्वे दोन दिवस थांबली तरी दिवे विझत नाहीत. वायूच्या केंद्राचा नळ बंद झाला की काही वेळात चक्र थांबते.

मग मोठ्या प्रमाणावर वायू साठवितात तरी कसा? त्याचे मार्ग तीन. पहिला मार्ग वाहिनीचाच : शेकडो मैल लांबीच्या नळात थोडा अधिक दाब ठेवला की काही तासांची शिल्लक नळातच राहते. दुसरा मार्ग भूगर्भाचा : रिकामी झालेली जुनी वायुक्षेत्रे अथवा मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्या यांत उन्हाळ्यात वायू भरावा व हिवाळ्यात काढावा. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातील वेलंड येथे १९१५ मध्ये हा प्रयोग झाला आणि पुढे अमेरिका व युरोप येथे तो सर्रास रूढ झाला. आपल्या देशात नैसर्गिक वायूचे असे व्यापारी कोठार आजवर उभे राहिलेले नाही. विशाखापट्टणला खडकात खोल कोरलेले ६० हजार टनांचे कोठार २००७ पासून आहे खरे, परंतु ते सिलिंडरातील वायूचे. जो मुळातच साठतो त्याचे. तिसरा मार्ग द्रवरूप वायूच्या बंदरातील टाक्यांचा. दहेज येथे २००४ मध्ये देशातील पहिले असे बंदर सुरू झाले. पण त्या टाक्यांतील माल परदेशी जहाजातून आलेला असतो व त्याचा भाव परदेशी बाजारात ठरतो. देशी वायूची खरी वखार म्हणजे ती विहीरच होय. आणि विहिरीत किती आहे हे वखारीच्या मुनिमाप्रमाणे पोती मोजून कोणालाही सांगता येत नाही.

वायूपासून वीज

वायूची वीज करण्याची रीत समजण्यास कठीण नाही. बाहेरची हवा दाबून कोंडतात, तीत वायू जाळतात, आणि तापून फुगलेल्या हवेचा झोत पात्यांवर सोडून चक्र फिरवितात. याला गॅस टर्बाइन म्हणतात. यात उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. बाकीची उष्णता ५०० अंशांहून अधिक तापलेल्या धुराबरोबर धुराड्यातून निघून जाते. या धुरावर पाण्याची वाफ करून तिने दुसरे चक्र फिरविले की त्याच वायूत अर्ध्याहून अधिक उष्णतेची वीज होते. याला संयुक्त चक्र म्हणावे. उसाचा रस काढल्यावर चिपाडावर गुऱ्हाळाची चूल पेटविणाऱ्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

लहान उद्योगात टर्बाइनऐवजी वायुइंजिन बसवितात. त्याच्या धुराच्या व थंडाव्याच्या पाण्याच्या उष्णतेवर गरम पाणी मिळते, धान्य वाळविता येते, आणि शोषण पद्धतीच्या यंत्राने थंडावाही निर्माण करता येतो. ज्या उद्योगास वीज व उष्णता, अथवा वीज व थंडावा, दोन्ही एकाच वेळी लागतात त्यालाच वायूची वीज खऱ्या अर्थाने परवडते. नुसत्या दिव्यासाठी वायू जाळणे हे बहुधा महागात पडते.

वायूचे गुण मोठे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. राख नाही, तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या मानाने कार्बन डायऑक्साइड सुमारे निम्मा, आणि टर्बाइन अल्प वेळात चालू करता येते. आज दिवसा सूर्याची वीज मुबलक होऊ लागली असून दिवेलागणीला ती एकाएकी सरते; त्या वेळी झटकन धावून येणारा सोबती म्हणून वायूची योग्यता वाढली आहे.

दोन प्रकारची उदाहरणे

एवढे गुण असूनही वायूवरची काही केंद्रे भरभराटीस आली आणि काही गंजत पडली. असे का झाले?

उरणचे उदाहरण पहिल्या प्रकारचे. मुंबईच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायू आपोआप वर येत होता आणि गिऱ्हाईक नसल्याने त्यातील पुष्कळसा समुद्रावरच जाळून टाकावा लागत होता. वाहिनीने हा वायू उरणला आला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने तेथे १९८२ मध्ये गॅस टर्बाइने चालू केली, पुढे १०८ मेगावॉटची चार टर्बाइने बसविली, आणि १९९४ मध्ये त्यांच्या धुरावर प्रत्येकी १२० मेगावॉटची दोन वाफेची यंत्रे जोडली. चार टर्बाइने व दोन वाफेची यंत्रे मिळून ही क्षमता ६७२ मेगावॉट झाली. येथे क्रम नीट ध्यानात घ्यावा : आधी माल आला, मग वाहिनी, मग यंत्र, आणि शेवटी धुराचाही उपयोग. पुढे वायू कमी पडू लागल्यावर हेही केंद्र पूर्ण शक्तीने चालू शकले नाही. पण तोवर त्याने आपली किंमत फेडली होती.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण गोदावरीकाठच्या विज्जेश्वरमचे. गोदावरी खोऱ्यातील जमिनीवरच्या विहिरींतून वायू मिळू लागल्यावर १९८८ मध्ये आंध्र प्रदेश गॅस पॉवर कॉर्पोरेशन स्थापन झाले. राज्याचे वीज मंडळ आणि वीज वापरणारे कारखाने यांनी मिळून भांडवल घातले आणि आपापल्या भागाच्या प्रमाणात वीज घेतली. आधी १०० व नंतर १७२ असे दोन टप्प्यांत २७२ मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. विहीर जवळ, आकार बेताचा, गिऱ्हाईक तोच भागीदार; असा हा मेळ होता. व्यापारी मंडळांनी अभ्यास करावा असा हा नमुना आहे.

आता दुसरी बाजू. कोकणात गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर चालू झाला. परदेशातून द्रवरूप वायू आणून तो चालवावयाचा, ही मूळ कल्पना. परंतु विजेचा दर वीज मंडळास पेलवेना, आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात मूळ अमेरिकन कंपनी एन्रॉन हिने दिवाळे काढले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने ते हाती घेतले. वायू उतरविण्याचे बंदर चालू झाले ते २०१३ मध्ये. म्हणजे यंत्र आधी व बंदर चौदा वर्षांनी!

गोदावरीच्या समुद्रात २००२ मध्ये मोठा साठा सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा आंध्र प्रदेशात आशेची लाट उसळली. जेगुरुपाडू, काकिनाडा, कोंडापल्ली येथे आधीच केंद्रे होती; वेमगिरीसारखी नवी केंद्रे २००६ पर्यंत बांधून तयार झाली आणि वायूची वाट पाहत उभी राहिली. एप्रिल २००९ मध्ये डी-सहा या क्षेत्राचा वायू खरोखर आला. काकिनाड्याजवळून निघून तेलंगण, कर्नाटक व महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत भडोचपर्यंत जाणारी सुमारे १ हजार ४०० किलोमीटरांची वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली. २०१० मध्ये दररोजचे उत्पादन ६ कोटी घनमीटरांवर गेले. ते ८ कोटींवर जाईल असे गृहीत धरून योजना आखल्या जात होत्या. करीमनगर जिल्ह्यात नेदुनूर येथे २ हजार १०० मेगावॉटच्या केंद्राची कोनशिलाही २०१० मध्येच बसली.

आणि त्याच वेळी विहिरी आटू लागल्या. पाणी व वाळू आत शिरली, दाब उतरला. मार्च २०१३ पासून या क्षेत्राचा वायू वीजकेंद्रांना मिळणे बंद झाले. खताच्या कारखान्यांचा हक्क आधीचा होता. २०१५ मध्ये केंद्र सरकारने हिशेब मांडला तेव्हा देशात वायुवाहिनीस जोडलेल्या २४ हजार १५० मेगावॉट क्षमतेपैकी १४ हजार ३०५ मेगावॉट क्षमतेला देशी वायूचा थेंबही मिळत नव्हता. मूळ दोन क्षेत्रांचे उत्पादन फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण थांबले. त्याच समुद्रात डिसेंबर २०२० पासून नवी क्षेत्रे चालू झाली व उत्पादन पुन्हा सावरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मधल्या सात-आठ वर्षांत कर्जाचे व्याज थांबले नव्हते. नेदुनूरला कोनशिला बसली, केंद्र मात्र उभे राहिले नाही. बाजारात तुरी असताना घरात भांडण मांडणाऱ्या भटजींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती हजारो कोटींच्या आकड्यांत पाहण्याचा योग या पिढीस आला.

हिशेबाची वही

या दोन प्रकारांतील अंतर आकड्यांत मांडून पाहू. येथील दर केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. दहा लक्ष युनिट उष्णतेचा वायू ६०० रुपयांस मिळाला, तर संयुक्त चक्रात ५० टक्के हिशेबाने त्याची सुमारे १४६ युनिट वीज होते. इंधनखर्च युनिटमागे ४ रुपये १० पैसे. साध्या टर्बाइनमध्ये तेवढ्याच वायूची सुमारे ९८ युनिट होते. खर्च ६ रुपये १० पैसे. वायूचा भाव हजार रुपयांवर गेला की हेच आकडे ६ रुपये ८५ पैसे व १० रुपये २० पैसे होतात. इंधनाचा भाव व यंत्राची काटकसर या दोन्ही गोष्टींचे वजन यावरून कळेल.

आता व्याज पाहू. १०० मेगावॉटच्या केंद्रास ४०० कोटी रुपये लागले व व्याज दहा टक्के पडले, तर वर्षाचे व्याज ४० कोटी. केंद्र ८० टक्के चालले तर वर्षाला सुमारे ७० कोटी युनिट होतात आणि व्याजाचा बोजा युनिटमागे ५७ पैसे पडतो. वायू न मिळाल्याने तेच केंद्र १० टक्के चालले तर तो बोजा ४ रुपये ५७ पैसे होतो. यंत्र तेच, कामगार तेच, व्याज तेच. फक्त नळातील धार बारीक झाली. वायूच्या धंद्यात नफा-तोटा ठरतो तो या धारेच्या सातत्यावर. भाव ही त्यानंतरची गोष्ट.

व्यापारी बंधूंनी काय पाहावे

हैदराबादेत भाग्यनगर गॅस लिमिटेड ही कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली. मोठ्या वाहिनीतील वायू शामीरपेट येथे घेऊन, त्याचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवून, तो शहरातील वाहनांस, घरांस व उद्योगांस देण्याची ही व्यवस्था आहे. घरच्या शेगडीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा दाब अवघा २१ मिलिबार राहिलेला असतो. २०१४ पासून देशी वायूच्या वाटपात घरगुती नळ व वाहने यांना अग्रक्रम देण्यात आला. दुकान, उपाहारगृह व कारखाना यांना तो नाही, त्यांचा भाव बाजाराप्रमाणे हलतो. तेव्हा स्वयंपाकघरातील नळ आणि गिरणीतील नळ एकाच रस्त्याने आले तरी त्यांचा हक्क एक नव्हे, हे पक्के ध्यानात असावे.

यास्तव वायूवर यंत्र बसविण्यापूर्वी पुरवठादारास काही प्रश्न अवश्य विचारावेत, असे आमचे सांगणे आहे. वायू कोणत्या क्षेत्रातील, देशी की आयात? तूट पडली तर आधी कोणाचा नळ बंद होणार, आणि त्या यादीत आपण कोठे आहोत? करारात ‘घ्या अथवा न घ्या, पैसे भरा’ असे कलम आहे काय, आणि पुरवठा न झाल्यास पुरवठादारावरही तेवढेच बंधन आहे काय? भाव रुपयात ठरला आहे की डॉलरमध्ये, आणि तो कितव्या महिन्यास बदलणार? यंत्र दुसऱ्या इंधनावर चालेल काय? धुराची उष्णता आपण वापरणार आहोत काय? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्यावाचून बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करू नये.

तसेच एकट्याने यंत्र घेण्यापेक्षा शेजारच्या चार-सहा उद्योगांनी विज्जेश्वरमच्या धर्तीवर, लहान प्रमाणात का होईना, सामायिक केंद्राचा विचार करावा. एकाची वीज दिवसा लागते, दुसऱ्याची रात्री. एकास उष्णता हवी असते, दुसऱ्यास थंडावा. मागणी सारखी राहिली की यंत्र सारखे चालते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाशी पुरवठादारही सांभाळून करार करतो.

नवनव्या साठ्यांच्या वार्ता पुढेही येत राहतील. २००६ मध्ये याच गोदावरीच्या समुद्रतळाखाली बर्फासारख्या गोठलेल्या रूपात मिथेनाचे जाड थर आढळले. ते शास्त्रज्ञांच्या दृष्टीने मोठे यश होते. परंतु त्यातून व्यापारी प्रमाणावर वायू अद्याप निघालेला नाही. शोधाचा आनंद सर्वांनी मानावा, त्यावर हुंडी मात्र काढू नये. आडात आहे हे कळल्यावरही पोहऱ्यात किती येते ते पाहावे, आणि पोहऱ्यात आलेले पाणी रोज येते काय, याची खात्री करून मगच मळा लावावा.

नैसर्गिक वायू हा उत्तम माल आहे. तो स्वच्छ आहे, तत्पर आहे, आणि जेथे त्याची उष्णता पुरतेपणी वापरली जाते तेथे काटकसरीचाही आहे. पण तो आपली वाट पाहत वखारीत बसत नाही. जो माल आपण साठवू शकत नाही, त्याच्या बाबतीत करार हीच वखार, दुसरे इंधन हीच शिल्लक, आणि बेताचा आकार हाच विमा होय. आपल्या संघातील जे बंधू या धंद्यात उतरू पाहत असतील त्यांनी उरण व विज्जेश्वरम येथील क्रम गिरवावा, आणि दाभोळ व नेदुनूर यांच्याकडे पाहून सावध राहावे, इतकेच आमचे नम्र निवेदन आहे.